एनव्हीडीएला मुका मेनू वाचायला शिकवायचा : स्क्रिप्ट कशी लिहावी

मेनू उघडतो, खालचा बाण दाबत जावं तर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा विंडोजचा स्क्रीन रीडर, ‘९ पैकी ४’, ‘९ पैकी ५’ एवढंच म्हणतो. ओळीचं नाव काही सांगत नाही. हिशेबाच्या किंवा बिलांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास आढळतं. मेनूच्या ओळी प्रोग्रामरने स्वतः रंगवलेल्या असतात, त्यामुळे पडद्यावर अक्षरं दिसतात, पण मजकूर म्हणून विंडोजकडे काहीच पोचत नाही. मग स्क्रीन रीडरकडे तरी कुठून येणार? एनव्हीडीए पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असल्यामुळे ही नावं त्याला आपण पायथनमधूनच शिकवू शकतो.

पण आधी सेटिंग्ज पाहा. ओळीचं नाव ऐकू येतं आणि फक्त शॉर्टकट कळ किंवा क्रमांक ऐकू येत नाही, अशी तक्रार असेल तर स्क्रिप्ट लिहू नका. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑब्जेक्ट प्रेझेंटेशन’ विभागात दोन्हींसाठी चौकटी आहेत, त्या टिक केल्या की झालं. आणि आल्ट दाबून बाण फिरवल्यावर क्रमांकसुद्धा ऐकू येत नसेल, फोकसच हलत नसेल, तर तो मेनू म्हणजे नुसतं चित्र आहे. खालची युक्ती तिथे चालणार नाही.

स्क्रॅचपॅड उघडा

सेटिंग्जच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात इशारा वाचून चौकट टिक करा, मग ‘डेव्हलपर स्क्रॅचपॅड’मधला (स्वतःच्या स्क्रिप्ट ठेवायच्या फोल्डरमधला) कोड लोड करण्याची परवानगी द्या. २०१९.१ आवृत्तीपासून ही परवानगी मुद्दाम द्यावी लागते, कारण तिथल्या फाइली एनव्हीडीए न तपासता चालवतो. तिथल्याच बटणाने फोल्डर उघडा. आपली फाइल त्यातल्या ‘अ‍ॅप मॉड्यूल्स’ या उपफोल्डरमध्ये जाईल.

मेनूची माहिती काढा

प्रोग्राममध्ये जाऊन एनव्हीडीए+कंट्रोल+एफ१ दाबा (एनव्हीडीए कळ म्हणजे सहसा इन्सर्ट). प्रोग्रामच्या फाइलचं नाव कळेल. समजा ते ‘हिशेब डॉट ईएक्सई’ आहे, तर आपल्या फाइलचं नाव ‘हिशेब डॉट पीवाय’, सगळी अक्षरं लहान. नोटपॅडमधून सेव्ह करताना मागे गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटतं, ते काढा. त्याच प्रोग्रामसाठी एनव्हीडीएने आधीच मॉड्यूल, म्हणजे अशीच फाइल, दिलेलं असेल तर तुमची फाइल त्याला पूर्ण बाजूला सारते. अशा वेळी ‘एनव्हीडीए बिल्टइन’मधून मूळ मॉड्यूल आयात करून त्यावर भर घालायची.

आता मेनू उघडा, एका मुक्या ओळीवर या आणि एनव्हीडीए+एफ१ दाबा. लॉगची, म्हणजे एनव्हीडीएच्या नोंदींची, खिडकी येते आणि मेनू मिटतो. घाबरू नका, माहिती त्याआधीच टिपलेली असते. तीत चार गोष्टी शोधा. ‘नेम’समोर ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं असेल. ‘रोल’ मेनू आयटम असेल. विंडोजच्या खऱ्या पॉपअप मेनूचा ‘विंडो क्लास नेम’ कायम #३२७६८ असतो. शेवटची ‘आयअ‍ॅक्सेसिबल चाइल्ड आयडी’, म्हणजे त्या मेनूतला ओळीचा क्रमांक. मधल्या आडव्या रेघांनाही क्रमांक असतो, त्यामुळे बाण मोजून काढलेला आकडा आणि हा आकडा जुळेलच असं नाही. लॉगमधलाच खरा धरा.

कोणत्या क्रमांकाला कोणतं नाव, हे कळायला डोळस माणूस जवळ हवाच असं नाही. मेनू उघडा ठेवून कीपॅडवरचा एनव्हीडीए+८ दाबा, म्हणजे ओळीवरून तुम्ही अख्ख्या मेनूवर जाल, आणि मग एनव्हीडीए+आर. विंडोज १० किंवा पुढच्या आवृत्तीत चित्रातली अक्षरं ओळखून वाचली जातात. पडदा काळा ठेवणारा ‘स्क्रीन कर्टन’ मात्र आधी बंद करा.

फाइल लिहा

कोड इथे कानाला ऐकू येईल तसा सांगितला आहे. फाइलमध्ये तो अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायचा. वरती दोन आयात: ‘अ‍ॅप मॉड्यूल हँडलर’ आणि ‘कंट्रोल टाइप्स’. मग ‘अ‍ॅप मॉड्यूल’ नावाचा क्लास, ए आणि एम मोठे, मध्ये जागा नाही. त्यात ‘इव्हेंट अंडरस्कोर एनव्हीडीए ऑब्जेक्ट अंडरस्कोर इनिट’ हे फंक्शन लिहायचं, त्याला फक्त ‘सेल्फ’ आणि ‘ओबीजे’ (समोरची वस्तू, इथे मेनूची ओळ) द्यायचे.

आत अटी, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी विंडो क्लास #३२७६८ आहे का, मग रोल मेनू आयटम आहे का, मग नाव रिकामं आहे का. क्लास आधी तपासला नाही तर ज्या वस्तूला चाइल्ड आयडीच नाही तिथे कोड अडखळतो.

प्रत्येक मेनूत क्रमांक १ पासूनच सुरू होतात, म्हणून एकटा क्रमांक पुरत नाही. पायथनच्या डिक्शनरीत (किल्लीसमोर नाव लिहिलेल्या यादीत) किल्ली म्हणून तीन गोष्टींची जोडणी ठेवा: ‘ओबीजे डॉट पेरेंट’चं, म्हणजे मेनूचं, नाव, त्याचा ‘चाइल्ड काउंट’, म्हणजे ओळींची संख्या, आणि ओळीचा क्रमांक. तिसऱ्या मेनूतली चौथी ओळ ‘पावती छापा’ असेल तर ते नाव या तिकडीसमोर लिहायचं आणि जुळलं तरच ‘ओबीजे डॉट नेम’मध्ये भरायचं.

चाइल्ड काउंट आळसाने गाळू नका. प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत वरती एक ओळ वाढली की खालचे सगळे क्रमांक सरकतात, आणि ‘पावती छापा’ ऐकून एंटर मारलं तर पावती रद्द व्हायची. संख्या बदलली की ओळी पुन्हा मुक्या होणं त्यापेक्षा कितीतरी बरं. ओळींची संख्या तीच राहून नुसता क्रम बदलला तर मात्र हा उपाय पुरत नाही, म्हणून आवृत्ती बदलली की एकदा सगळा मेनू ऐकून घ्या.

नावं देवनागरीत देता येतात, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि मराठी येणारा आवाज निवडा. एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आहे. फक्त इंग्रजी जाणणारा आवाज असेल तर मेनू पुन्हा मुकाच वाटेल, आणि चूक कोडमध्ये शोधत बसाल.

सेव्ह करून एनव्हीडीए+कंट्रोल+एफ३ दाबा. प्लगइन पुन्हा लोड होतात, एनव्हीडीए बंद करून सुरू करावा लागत नाही. तरीही काही फरक पडला नाही तर लॉग पाहा. बहुतेक वेळा ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेसची मिसळ झालेली असते. जुन्या उदाहरणांतून उचललेला, मोठ्या अक्षरांतला ‘रोल अंडरस्कोर मेनूआयटम’ हाही नेहमीचा दोषी. २०२२.१ पासून तो गेला, आता ‘कंट्रोल टाइप्स डॉट रोल डॉट मेनूआयटम’ लिहावं लागतं.

एका कळीत आज्ञा

रोजची आज्ञा मेनूत खोल दडली असेल तर ‘स्क्रिप्ट हँडलर’मधला ‘स्क्रिप्ट’ डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खूण) वापरून फंक्शनला कळ जोडा. प्रोग्रामची स्वतःची शॉर्टकट असेल तर ‘कीबोर्ड इनपुट जेश्चर डॉट फ्रॉम नेम’ने तीच पाठवा. नसेल तर आल्ट+एफ पाठवून मग मेनूतलं अक्षर पाठवावं लागतं. दोन्ही लागोपाठ पाठवली तर मेनू उघडायच्या आत अक्षर पोचतं आणि वाया जातं. मध्ये ‘कोअर डॉट कॉल लेटर’ने १५० मिलिसेकंद थांबा, संगणक संथ असेल तर ३००. ‘टाइम डॉट स्लीप’ नको, तेवढा वेळ एनव्हीडीएच गोठतो.

जोडलेल्या कळीत शिफ्ट, कंट्रोल किंवा आल्ट नको. तुमचं बोट शिफ्टवर असतानाच आल्ट+एफ जातं आणि प्रोग्रामला आल्ट+शिफ्ट+एफ मिळतं. एनव्हीडीए कळ अधिक एकच कळ ठेवा, आणि ती मोकळी आहे का हे एनव्हीडीए+१ने आधी बघा.

बंद ओळींसाठी टूं

निवडता न येणाऱ्या ओळीवर एनव्हीडीए आधी नाव वाचतो, मग ‘उपलब्ध नाही’ म्हणतो. भराभर खाली जाताना तेवढं थांबवत नाही. ‘इव्हेंट अंडरस्कोर गेन फोकस’मध्ये रोल मेनू आयटम आणि स्टेट ‘अनअव्हेलेबल’ असेल तर ‘टोन्स डॉट बीप’ला २२० आणि ५० द्या, म्हणजे २२० हर्ट्झचा सूर ५० मिलिसेकंद. या फंक्शनला तिसरा पाहुणा असतो, ‘नेक्स्ट हँडलर’. शेवटी अटीच्या बाहेर त्याला कंसासकट हाक मारलीच पाहिजे. ती ओळ चुकून अटीच्या आत गेली तर बंद ओळी तेवढ्या बोलतील आणि बाकी सगळा प्रोग्राम गप्प होईल.

ही स्क्रिप्ट दुसऱ्याला द्यायची असेल तर ‘अ‍ॅप मॉड्यूल्स’ फोल्डर आणि ‘मॅनिफेस्ट डॉट आयएनआय’ (अ‍ॅडऑनची माहिती देणारी फाइल) एकत्र झिप करून ‘एनव्हीडीए-अ‍ॅडऑन’ असं एक्स्टेन्शन द्या.