खांबनिवडुंग: आधी ओळखा, मग लावा

हौसेनं आणलेला माझा पहिला खांबनिवडुंग मुळात निवडुंग नव्हताच. दोन वर्षांनी छाटायला घेतला, तर कापाबरोबर पांढरा चीक ओघळला. तोच हात डोळ्याला लागला आणि रात्र डोळ्यांवर पाणी मारण्यात गेली. तो निघाला थोर, म्हणजे युफोर्बिया.

आता रोप घेण्याआधी मी भिंग काढते. खऱ्या निवडुंगाचे काटे लवदार, गादीसारख्या ठिपक्यातून निघतात. त्याला एरिओल म्हणतात. थोराला ही गादी नसते, काटे बहुधा जोडीनं येतात.

निवडुंगांतही गोंधळ आहेच. धारा, म्हणजे खांबाच्या उभ्या कडा, मोजा. सेरियस या जातीच्या खांबनिवडुंगाला त्या साधारण चार ते आठ, उंच आणि पातळ; कोवळा शेंडा निळसर, मेण फासल्यासारखा. (हे मेण बोटानं पुसलं की ठसा राहतो, उगाच हात लावू नका.) मेक्सिकोत कुंपणाला लावतात त्या पॅकिसेरियस मार्जिनॅटसच्या धारांवर पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसते, कारण गाद्या एकमेकींना भिडलेल्या असतात. फूल आलं तर प्रश्नच मिटला: सेरियसचं फूल रात्री उमलतं आणि त्याची नळी गुळगुळीत असते. सॅन पेद्रो या दुसऱ्या खांबनिवडुंगाची नळी केसाळ.

लागवड फांदीपासूनच करा. बियांच्या रोपाचा खांब व्हायला फार वर्षं लागतात. हातभर तुकडा, सुरी स्पिरिटनं पुसलेली. पुढे मात्र घाई नको. वाऱ्यानं मोडलेला कंबरेएवढा तुकडा मी त्याच दिवशी पुरला होता. पंधरा दिवसांत बूड लिबलिबीत झालं. दुसरा नीट सुकवला, पण आडवा ठेवून. शेंडा वर वळला आणि मुळं कुशीतून फुटली! आता रिकाम्या कुंडीत उभा करते, सावलीत, दोन-तीन आठवडे. टिचकी मारली की काप पुठ्ठ्यासारखा वाजला पाहिजे.

अर्धी माती, अर्धी जाड वाळू किंवा बारीक खडी. तुकडा चार बोटंच पुरा. पडू नये म्हणून खोल पुरायचा मोह होतो. त्यापेक्षा काठ्या रोवून चिंध्यांनी बांधा. हलकेच ओढल्यावर सुटून आला नाही, की मुळं धरली. तोवर पाणी नाही. नंतर भरपूर द्यायचं आणि माती बोटभर खोल सुकेपर्यंत विसरायचं. थंडीत जवळजवळ बंद.

मोठं झाड हलवताना उन्हाकडची बाजू खडूनं खुणवा आणि नव्या जागी तशीच ठेवा. सावलीतली बाजू अचानक कडक उन्हात आली तर पिवळटून भाजते. तो डाग जन्माचा. उलट, ऊन कमी पडलं तर शेंडा पेन्सिलीसारखा बारीक होतो. पुढे जाड वाढला तरी ती मान तशीच राहते, आणि वाऱ्यात तिथेच मोडतो.

जुन्या खोडाच्या बुडाशी तपकिरी साल दिसली तर अंगठ्यानं दाबून बघा. टणक असेल तर ते वय आहे. मऊ लागली तर सड. मग कापावर दिसणाऱ्या मधल्या कड्यात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत वर वर कापत जा, दर कापाला सुरी पुसून.