उंची कशापासून मोजली? भूभौतिकीच्या लघुप्रबंधात या चुका टाळा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे लघुप्रबंध मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. ते भूशास्त्राचे असोत वा भूभौतिकीचे, त्यांतील मोठ्या चुका अवघड गणितात क्वचितच असतात. चूक असते ती क्षेत्रनोंदवहीच्या पहिल्या काही पानांवर, जेथे आकडा लिहिलेला असतो, पण तो कशापासून मोजला हे लिहिलेले नसते. उंची, वेळ, खोली आणि दिशा या चारही बाबतींत मी हाच घोटाळा पुन्हापुन्हा पाहिला आहे. दख्खनच्या बेसाल्टवर काम करणाऱ्यांना तो अधिक महागात पडतो, कारण येथे आपण ज्याचा शोध घेतो ते अनेकदा शेकडो मीटर जाडीच्या कातळाखाली असते आणि त्याचा पृष्ठभागावर पोहोचणारा संकेत इतका क्षीण असतो, की नोंदीतली एक चूक त्याला सहज झाकून टाकते.

उंचीचा रकाना

गुरुत्व मोजणारा आजचा ग्रॅव्हिमीटर मिलिगॅलच्या (गुरुत्वातील फरक मोजण्याच्या एककाच्या) शंभराव्या भागापर्यंत वाचन देतो. त्यामुळे विद्यार्थ्याचे सारे लक्ष यंत्र समपातळीत आणण्याकडे आणि दर दोन तासांनी बेस स्टेशनवर, म्हणजे संदर्भासाठी ठरवलेल्या ठिकाणी, परतण्याकडे असते, आणि ते योग्यच आहे. उंचीचा रकाना मात्र जाता जाता भरला जातो. प्रत्यक्षात उंची वाढली की गुरुत्व कमी होते, आणि त्यासाठीची सुधारणा दर मीटरला ०.३०८६ मिलिगॅल असते. त्यातून २.६७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घनतेच्या खडकासाठी बूगे सुधारणेचे (समुद्रसपाटीपासून स्थानकापर्यंतच्या खडकाच्या ओढीचे) सुमारे ०.११२ मिलिगॅल वजा केले, तरी जवळजवळ ०.२ मिलिगॅल उरतात. म्हणजे उंचीत १० सेंटीमीटरची चूक झाली, तरी ती यंत्राच्या अचूकतेच्या दुप्पट भरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने सोलापूर जिल्ह्यात सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या पूर्व-पश्चिम रेषेवर दर किलोमीटरला एक याप्रमाणे गुरुत्व मोजले. पहिल्या हंगामात रेषेची दोन्ही टोके झाली. मधल्या २० किलोमीटरच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी ऊस उभा असल्यामुळे तो भाग पुढच्या हंगामावर ढकलला. टोकांकडच्या उंची त्याने लेव्हल यंत्राने, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कपासून (उंची ठरवून दिलेल्या खुणेपासून), नीट आणल्या होत्या. मधला पट्टा करताना ते यंत्र दुसऱ्या गटाकडे होते, म्हणून त्याने उपग्रहाधारित रिसीव्हर मागून आणला आणि त्याच्या पडद्यावरचे आकडे उतरवून घेतले.

आलेख काढला तेव्हा रेषेच्या मध्यभागी १३ मिलिगॅलची खोल दरी उमटली. कोयना आणि कुर्डुवाडी येथे बेसाल्टखाली खचदऱ्या (जमीन खचून झालेल्या, गाळाने भरलेल्या दऱ्या) असाव्यात, असा कयास गुरुत्वाच्या नकाशांवरून १९७३ मध्ये मांडला गेला होता आणि त्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. या विद्यार्थ्याने ते सारे वाचले होते. आपल्यालाही तशीच एक खचदरी सापडली आहे, असे समजून त्याने गाळाची घनता बेसाल्टपेक्षा ०.४ ने कमी धरली, गाळाची जाडी पाऊण किलोमीटरच्या वर काढली आणि अकरा पाने लिहून आणली. तो अत्यंत आनंदात होता.

मला खटकली ती दरीची कड. एका किलोमीटरवरच्या दोन शेजारच्या स्थानकांमध्ये संपूर्ण १३ मिलिगॅलची घसरण होत होती, आणि पलीकडच्या काठाला तितक्याच अंतरात चढण होती. स्रोत जितका खोल, तितका त्याचा परिणाम पृष्ठभागावर पसरट होतो. बेसाल्टच्या थराखाली गाडलेली दरी अशी सुरीने कापल्यासारखी कधीच दिसणार नाही. मी नोंदवही मागितली. डिसेंबरच्या पानावर शेवटची उंची ५१८ होती आणि पुढच्या हंगामातील पहिल्या पानावर, त्याच रस्त्यावर, एक किलोमीटर पुढे, ४५३. मध्ये ना घाट, ना ओढा, सपाट ज्वारीचे रान. दोन्ही पानांवर रकान्याचे शीर्षक एकच होते: ‘उंची (मी.)’.

बेंचमार्कची उंची समुद्रसपाटीपासून असते. रिसीव्हर मूलतः मोजतो ती उंची मात्र डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासूनची असते, आणि समुद्रसपाटी दाखवणारा जिऑइड भारतात या लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात हा फरक १०० मीटरांहून अधिक होतो, तर आपल्याकडे तो साधारण ६० ते ७० मीटर आहे. काही रिसीव्हर ही दुरुस्ती स्वतःच करून दाखवतात, काही करत नाहीत, आणि कोणते वाचन पडद्यावर यावे हे सेटिंगवर अवलंबून असते. ६५ मीटरला ०.१९७ ने गुणा, १२.८ येतात. ती खचदरी तेवढीच होती. उंची दुरुस्त करायला एक संध्याकाळ पुरली आणि अकरा पाने गेली. पहिल्या हंगामानंतर मी स्वतः नोंदवही तपासायला हवी होती, ही माझी जबाबदारी होती आणि ती मी पार पाडली नव्हती.

तेव्हापासूनची माझी सवय अशी आहे. आपल्याकडे रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली बहुधा समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. क्षेत्रकामाच्या पहिल्या दिवशी जवळच्या स्थानकावर जाऊन मी रिसीव्हर फलकाजवळ दहा मिनिटे ठेवतो आणि दोन्ही आकडे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहितो. यातून सेंटीमीटरची अचूकता मिळत नाही, पण साठ मीटरची चूक लपून राहू शकत नाही. दुसरी सवय म्हणजे नव्या हंगामात मागच्या हंगामाची किमान तीन स्थानके उंचीसह पुन्हा मोजणे. ‘सर, ती तर झालेली आहेत, त्यात एक दिवस जाईल’, असे दर वर्षी कोणीतरी म्हणतो. तो दिवस मी कोणालाही वाचवू देत नाही. उपग्रहाच्या उंची-नकाशावरून घरबसल्या आकडे काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्यांत काही मीटरची चूक नेहमीची असते आणि पाच मीटर म्हणजे एक मिलिगॅल.

वेळ कोणती?

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. आंतरराष्ट्रीय भूकंप-सूचीत वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) असते, म्हणून तिथे तोच भूकंप १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटे असा सापडतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटेचा, हे मराठवाड्यात कोणीही सांगेल. सूचीत मात्र तारीख २९ सप्टेंबर आहे. साडेपाच तासांचा हा फरक सर्वांना ठाऊक असतो, तरीही स्थानिक आणि आंतरराष्ट्रीय सूची एकत्र करताना तो हमखास विसरला जातो. मग एकच धक्का दोनदा मोजला जातो, लहान-मोठ्या धक्क्यांचे प्रमाण बिघडते आणि जलाशयाच्या पातळीशी लावलेला संबंध एक दिवस पुढे-मागे सरकतो. सूची एकत्र करण्यापूर्वी या दोन भूकंपांच्या ओळी दोन्ही सूचींत शोधाव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर पुढचे काम सुरूच करू नये.

लहान दिसणाऱ्या चुका

बेसाल्टवर कंपास टेकवून दिशा घेऊ नये. खडकातील मॅग्नेटाइटमुळे सुई भरकटते, आणि हातातला हातोडा किंवा मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक त्यात भर घालते. दूरच्या खुणेवर रोखून पुढून आणि उलट, अशी दोन्ही वाचने घ्यावीत.

जुन्या टोपोशीटचा, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचा, आधार एव्हरेस्ट लंबगोल असतो आणि रिसीव्हरचा डब्ल्यूजीएस-८४. रूपांतर न करता बिंदू टाकला, तर शेतातली विहीर ओढ्यात जाऊन बसते.

विहिरीतील पाण्याची पातळी कठड्यावरून मोजली असेल, तर कठड्याची उंची वजा करावी. शेतकरी खोली परसात सांगतो, बोअरवाला फुटांत आणि आपण मीटरमध्ये लिहितो. परस हे माणसाच्या उंचीवरून आलेले माप आहे, म्हणून ते ऐकून रूपांतर करू नये, दोर सोडून मोजावे.

लाल थर दिसला की दोन लाव्हाप्रवाहांची सीमा सापडली, असे लगेच लिहू नये, आणि पाहोहो (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) लाव्हाचा प्रत्येक लहान फुगवटा स्वतंत्र प्रवाह म्हणून मोजू नये. एका घाटात चाळीस प्रवाह मोजून आलेला विद्यार्थी मला तीन दिवस पायी चाललेला वाटत नाही, गाडीच्या खिडकीतून घाट पाहून आलेला वाटतो.

रासायनिक विश्लेषणासाठी कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटणारा कातळ उपयोगाचा नाही. त्याच्या आतला ताजा गाभा फोडून घ्यावा, झिओलाइटने (नंतर साचलेल्या खनिजाने) भरलेल्या पोकळ्या टाळाव्यात आणि क्रमांक पिशवीबरोबर नमुन्यावरही लिहावा.

संगणकाने दिलेले थर

विद्युत रोधकतेच्या (जमीन वीजप्रवाहाला किती विरोध करते त्याच्या) सर्वेक्षणातील चूक मला सर्वांत अधिक त्रास देते, कारण तिची झळ गुणपत्रिकेपलीकडे पोहोचते. विद्यार्थी श्लुंबर्जर पद्धतीने एक ध्वनन करतो, म्हणजे जमिनीत रोवलेल्या बाहेरच्या दोन इलेक्ट्रोडमधले अंतर वाढवत नेऊन अधिकाधिक खोलीची रोधकता मोजतो, आकडे संगणकात भरतो, आज्ञावली सहा थर काढून देते आणि खाली त्रुटी एक टक्का असे लिहून येते. हा एक टक्का पाहून तो निश्चिंत होतो. परंतु तो टक्का एवढेच सांगतो, की हे प्रारूप वक्राशी जुळते. जुळणारे हे एकमेव प्रारूप आहे, असे तो सांगत नाही. अधिक रोधकतेच्या दोन थरांमध्ये कमी रोधकतेचा पातळ थर असेल, तर वक्रावर परिणाम होतो तो मुख्यतः जाडी भागिले रोधकता या गुणोत्तराचा. १० मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर आणि ५ मीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर वक्रावर जवळपास सारखेच दिसतात. यातला कोणता खरा, हे संगणक सांगू शकत नाही. ते शेजारची विहीर सांगते.

म्हणून ध्वननाच्या आधी मी विद्यार्थ्याला जवळच्या उघड्या विहिरीच्या काठावर उभा करतो आणि भिंतीत दिसणारे थर मापासह रेखाटायला लावतो. वर काळी माती, मग मुरूम, खाली मांजऱ्या (पोकळ्यांचा मऊ खडक), त्याखाली काळा पाषाण. हे चित्र हातात असेल, तर सहा थरांचा मोह आपोआप सुटतो. वक्रही शेतातच, लॉग-लॉग कागदावर, वाचन घेता घेता काढावा. मधल्या इलेक्ट्रोडचे अंतर बदलताना किमान दोन वाचने जुन्या-नव्या दोन्ही अंतरांवर घ्यावीत, म्हणजे तुकडे जुळतात की नाही ते तिथेच कळते. एखादे वाचन उडी मारत असेल, तर वर विजेची तार किंवा बाजूला लोखंडी पाइप आहे का, हे मान वर करून पाहावे आणि उन्हाळ्यात खुंटीपाशी मिठाचे पाणी ओतून वाचन पुन्हा घ्यावे. खोलीत बसून असा बिंदू खोडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे आहे.

एका उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका मुलाला शेताच्या मालकाने विचारले, ‘साहेब, पाणी किती फुटांवर लागंल?’ त्याने लॅपटॉपवर पाहून ‘ऐंशी फुटांवर’ असे उत्तर दिले. प्रारूपात २४ मीटरवर कमी रोधकतेचा थर होता, आणि विचारणारा माणूस सकाळपासून केबल ओढायला मदत करत होता. मी तेव्हा दुसऱ्या गटाबरोबर होतो. दिवाळीनंतर त्याच शेतात परत गेलो तेव्हा बांधाजवळ केसिंग पाइपच्या तोंडावर दगड ठेवलेला होता. मालकाने आम्हाला चहा दिला आणि तीनशे फुटांपर्यंत नुसती भुकटी आली, एवढेच सांगितले. बोअरचे पैसे त्याने पाव्हण्यांकडून उसने घेतले होते. विहिरीत पाहिले असते, तर २४ मीटरवर पाण्याऐवजी चिकणमातीसारखा तांबडा थर दिसला असता. त्याचीही रोधकता कमीच असते.

आता सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी मी गटाला स्पष्ट सांगतो, की पाण्याविषयीचे कोणतेही वाक्य शेतकऱ्यासमोर बोलायचे नाही. त्या जागी पहिल्या रेषेला काटकोनात दुसरे ध्वनन करायचे, आसपासच्या तीन विहिरी मोजायच्या आणि मग जे म्हणायचे ते कागदावर मराठीत लिहायचे: थर किती खोलीपासून किती खोलीपर्यंत असू शकतो, तो पाण्याचा असण्याऐवजी मातीचा असण्याची शक्यता का उरते आणि खोली जमिनीपासून मोजली आहे की विहिरीच्या कठड्यापासून. त्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर माझीही सही असते, आणि एक प्रत शेतकऱ्याकडे राहते.