पीसीओएस आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: या चुका टाळा

पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा बायकांमधला आजार. त्याचं निदान झालं की घरात आधी येतात त्या व्हिटॅमिनच्या बाटल्या. एक केसांसाठी, एक हाडांसाठी, एक ‘हार्मोन बॅलन्स’साठी. रक्तात नेमकं काय कमी आहे, हे बहुतेक वेळा कुणी तपासलेलंच नसतं. व्हिटॅमिनची गोळी कमतरता भरून काढते. पीसीओएसमध्ये त्रास देणारा इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) आणि वाढलेले अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन) यांच्यावरचा तो इलाज नव्हे. हे लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी जणी गोळ्यांच्या भरवशावर व्यायाम सोडतात, डॉक्टरांकडे जायचंही टाळतात आणि पाळी लांबतच राहते.

केसांची गोळी चालू ठेवून रक्त देणं

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे बी गटातलं व्हिटॅमिन असतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. या गोळ्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असतं. हार्मोन मोजण्याच्या अनेक पद्धतींमध्ये बायोटिनचाच वापर होतो. रक्तात ते जादा असलं की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) खोटंच कमी दिसू शकतं, तर टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त. आणि पीसीओएसचं निदान करताना थायरॉइड व प्रोलॅक्टिनचा बिघाड नाही ना, टेस्टोस्टेरॉन वाढलंय का, हेच तर बघायचं असतं! अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये बायोटिनच्या या अडथळ्याबद्दल इशारा दिला होता.

रिपोर्ट आणि लक्षणं जुळत नसतील तर आधी बाटलीवरचं लेबल वाचा. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारा. मात्रा जास्त असेल तर निदान दोन-तीन दिवस तरी थांबवावी लागते. शिवाय पीसीओएसमध्ये केस विरळ होतात ते मुख्यतः अँड्रोजेनमुळे. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते.

मेटफॉर्मिन घेताना बी१२ विसरणं

इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी दिलं जाणारं मेटफॉर्मिन हे औषध बराच काळ चालू असेल तर आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. तळपायांना मुंग्या, जिभेची आग, थकवा, विसराळूपणा ही लक्षणं ‘पीसीओएसमुळेच असेल’ म्हणून अंगावर काढली जातात. तसं करू नका, बी१२ची पातळी तपासून घ्या. एकट्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी१२ कमीच राहिलं तर मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करायचं नाही.

डी व्हिटॅमिन अंदाजाने घेणं

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी करून मगच मात्रा ठरते. ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेले आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. मळमळ, सतत तहान, वारंवार लघवी होऊ लागली तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. उलट, नीट घेऊनही पातळी वाढत नसेल तर ती रिकाम्या पोटी घेताय का ते बघा. डी स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे जेवणानंतर घेतलेलं बरं. वजन जास्त असेल तर मात्राही जास्त लागू शकते, पण ती डॉक्टरांनी वाढवायची.

पीसीओएससाठी घेतल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरक पदार्थाबद्दल थोडंच सांगते. ते घेऊन फारसा अपाय होत नाही, पण फायद्याचा पुरावाही अजून तोकडा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या जागी ते घेऊ नका.

‘पाळी येत नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत’ असं धरून चालणं

उपचारांनी किंवा वजन कमी झाल्याने ओव्ह्युलेशन (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) अचानक सुरू होऊ शकतं. मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू हवं. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर याहून मोठी मात्रा लागते का, ते विचारून घ्या. याच काळात मल्टिव्हिटॅमिनमधल्या ए व्हिटॅमिनवर बारीक लक्ष ठेवा. रेटिनॉलच्या रूपातलं ए दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्या चालू असतील तर सगळ्या लेबलांवरचे आकडे एकत्र मांडून बेरीज करा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.