सेंद्रिय माल परदेशी पाठवताय? समतुल्यता कराराच्या भरवशावर या चुका टाळा

"आमच्याकडे एनपीओपीचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे माल कुठेही जाईल." शेतकरी गटांच्या बैठकीत हे वाक्य हमखास कानावर येतं आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. एनपीओपी म्हणजे सेंद्रिय उत्पादनाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम. समतुल्यता म्हणजे समोरच्या देशाने आपले सेंद्रिय नियम त्यांच्या तोडीचे मानले, तेही ठरावीक मालापुरते. कोणता माल आणि कधीपर्यंत, हे न बघता सौदा केला की गट अडकतो.

युरोपचंच घ्या. युरोपीय संघाने एनपीओपीला 2006 मध्ये मान्यता दिली, पण ती प्रक्रिया न केलेल्या वनस्पतिजन्य मालासाठी. तीळ, सोयाबीन त्यात बसतात. कोल्हापूरचा गूळ किंवा रत्नागिरीचा आंब्याचा पल्प बसत नाही; त्यासाठी युरोपच्या नियमांनुसार वेगळं प्रमाणीकरण घ्यावं लागतं. शिवाय युरोपच्या 2018/848 या नव्या कायद्याने अशा जुन्या मान्यतांना 31 डिसेंबर 2026 ही मुदत घातली. लांबचा करार करण्याआधी ती तारीख आज काय आहे, हे अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, विचारून घ्या.

अमेरिकेची गोष्ट तर संपलेलीच आहे. तिथली मान्यता जानेवारी 2021 मध्ये काढून घेतली गेली आणि जुलै 2022 मध्ये सवलतीचा काळही सरला. आता यूएसडीएची (अमेरिकेच्या कृषी खात्याची) मान्यता असलेल्या संस्थेचंच एनओपी, म्हणजे अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांचं, प्रमाणपत्र चालतं. 19 मार्च 2024 पासून प्रत्येक खेपेला इलेक्ट्रॉनिक आयात प्रमाणपत्रही लागतं. तैवानशी मात्र 8 जुलै 2024 पासून परस्पर मान्यता लागू आहे, आणि चहा-तांदूळवाल्यांनी तिकडे जरूर बघावं.

पीजीएस-इंडियाचं, म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून दिलेलं, प्रमाणपत्र या कुठल्याच करारात चालत नाही. ते देशातल्या बाजारासाठी आहे. गटाला हे पहिल्याच दिवशी सांगा, निर्यातदार दारात आल्यावर नाही.

आता मला सर्वात जास्त छळणारी चूक. एका गटाचा तीळ होता. शेतापासून गोदामापर्यंत सगळं चोख, ट्रेसनेटवर, म्हणजे सेंद्रिय मालाचा माग ठेवणाऱ्या अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंदी बिनचूक. न्हावा शेव्याला फॉरवर्डरच्या (माल पाठवणीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीच्या) माणसाने नेहमीच्या सवयीने कंटेनरला धुरी दिली. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, थोडक्यात फायटो) हातात आलं तेव्हा उपचाराच्या रकान्यात लिहिलं होतं: मिथाइल ब्रोमाइड, म्हणजे कीड मारणारा रासायनिक वायू. तिथेच माल सेंद्रिय राहिला नाही. तीन वर्षं रासायनिक खताला हात न लावलेल्या माणसांचा माल साध्या तिळाच्या भावाने गेला. तेव्हापासून मी सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) लेखी कळवते: 'सेंद्रिय माल, धुरी नको', आणि बुकिंगच्या ईमेलवर त्याची पोच मागते. लाकडी पॅलेट असतील तर उष्णता दिलेले, एचटी शिक्का असलेले घ्या. फायटोचा मसुदा छापण्याआधी तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तिळावर इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचंही सावट आहे. 2020 मध्ये युरोपात भारतीय तिळात ते सापडलं आणि तपासणी कडक झाली. आपण वापरत नाही एवढं पुरत नाही. ज्या युनिटमध्ये माल साफ होतो तिथे शेजारच्या मालाला ते दिलं जातं का, हे विचारा. माल भरण्याआधी लॉटचा नमुना तपासून घ्या.

कागदांचं थोडक्यात. युरोपसाठीचं सर्टिफिकेट ऑफ इन्स्पेक्शन (खेपेचा सेंद्रिय तपासणी दाखला) ट्रेसेस या युरोपच्या ऑनलाइन प्रणालीत माल देशाबाहेर निघण्याआधीच निघालं पाहिजे. जहाज सुटल्यावर तारीख मागे नेता येत नाही. लॉट क्रमांक, निव्वळ वजन आणि खरेदीदाराचं नाव हे टीसी (प्रमाणीकरण संस्थेचं व्यवहार प्रमाणपत्र), इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर अक्षरशः सारखं हवं. एकीकडे 'प्रा. लि.' आणि दुसरीकडे पूर्ण नाव, एवढ्यावरही बंदरात प्रश्न येतात. फरक दिसला तर प्रमाणीकरण संस्थेला त्याच दिवशी फोन करा. माल इथे असेपर्यंत दुरुस्ती सोपी जाते.