फ्युएल पंप घरी बदलायचाय? मग आधी मागच्या सीटखाली कान लावा

खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, घरी फोन करून सांगितलं की पंप गेलाय, तर आई म्हणते, "कुठला रे, शिरवळचा? मग पुढच्या पंपावर भर की." तर तो पंप नाही, हा टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला छोटा मोटरवाला पंप, जो पेट्रोल ढकलून इंजिनच्या इंजेक्टरपर्यंत नेतो. हे सगळं इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीबद्दल आहे बरं का, डिझेलवाल्यांनी इथूनच परत फिरा. आणि मागच्या सीटखाली पंपाचं झाकण नसेल, टाकीच खाली उतरवावी लागत असेल, तर सरळ गॅरेजला न्या, जॅकवर गाडी टेकवून भरलेली टाकी उतरवायचे उद्योग घरी नकोत.

आता पहिली गोष्ट, पंप खरंच गेलाय का ते बघा. सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही, किंवा चढावर झटके खाते, पिकअप मरतो, ही लक्षणं पंपाची असतात पण फिल्टर चोक झाला तरी तसंच होतं. चावी ऑन करा (सेल्फ मारायचा नाही), कुणाला तरी मागच्या सीटला कान लावून बसवा. दोन-तीन सेकंद घुंऽऽ असा आवाज येऊन थांबला तर पंप फिरतोय. आवाजच नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी फ्यूज बॉक्समधली छोटी डबी). बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले त्याच नंबरचा असतो, तो काढून लावून बघायचा, फुकटात निदान होतं. तरी गप्प असेल तर पंपाच्या कपलरवर, म्हणजे पंपाला जाणाऱ्या वायरींच्या प्लगवर, मल्टीमीटर लावा आणि परत चावी ऑन करा, त्या दोन-तीन सेकंदांत १२ व्होल्टच्या आसपास आले आणि तरी पंप हूं का चूं करत नसेल तर गेला म्हणायचा. व्होल्टच येत नसतील तर नवीन पंप आणून काही उपयोग नाही, भानगड वायरिंगमध्ये आहे.

माझा का गेला तर सीएनजी. पेट्रोलचा काटा वर्षानुवर्षं रिझर्व्हला, वर माझ्या किटमध्ये सीएनजीवर चालतानाही पंप आपला फिरतच राहायचा. पंपाला थंड ठेवतं ते त्याच्याभोवतीचं पेट्रोलच, तेच नसेल तर तापून तापून मरणार. आता मी निदान पाव टाकी ठेवतो.

बदलताना मात्र टाकी पाव किंवा त्याहून कमी असलेली बरी. काम उघड्यावर करायचं. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते आणि कुठल्या तरी ठिणगीची वाट बघत बसते. मी गावी अंगणात केलं, सकाळी, दिवसाउजेडी. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवला होता. शेजारचे आबा बिडी शिलगावून "काय चाललंय" म्हणत बघायला आले, त्यांना हात जोडून पार विहिरीपर्यंत लांब पाठवलं, रागावले थोडे पण चालेल. मोबाईल, वायरीचा बल्ब, ड्रिल मशीन हे पण लांब.

सीट उचलली की खाली पत्र्याचं किंवा रबरी झाकण असतं, चार स्क्रू असतात नाहीतर डिंकासारख्या काळ्या सीलंटने चिकटवलेलं असतं. ते काढायच्या आधी आणि काढल्यानंतर दोन्ही वेळेला साफ करा, व्हॅक्यूम नाहीतर ब्रश आणि फडकं, कारण दहा-बारा वर्षांची लाल माती तिथे बसलेली असते आणि पंप उचलला की ती सगळी थेट टाकीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नशिबाने आधी दिसलं.

मग प्रेशर काढायचं. लाइनमध्ये साधारण तीन बारचं प्रेशर असतं, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त, तसाच पाइप ओढलात तर पेट्रोल डोळ्यात जाईल. गाडी चालू होत असेल तर चालू करा आणि पंपाचं कपलर काढा, इंजिन उरलंसुरलं पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडेल, मग दोनदा सेल्फ मारा. चालूच होत नसेल तरी कपलर काढून दोन-तीनदा सेल्फ मारायचा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला. हात एकदा गाडीच्या उघड्या पत्र्याला लावा, अंगातला स्टॅटिक जातो. पाइपवर फडकं गुंडाळून क्लिपच्या दोन्ही बाजू दाबा आणि सरळ वर ओढा. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, पकडीने पिळलंत तर तुकडा पडणार आणि मग त्या पाइपसाठी आठवडाभर फिरा.

पंप धरून ठेवायला कुठे सहा-आठ बोल्टची पट्टी असते, कुठे मोठी गोल रिंग. रिंग असेल तर लाकडाचा ठोकळा लावून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने हळूहळू ठोका, स्क्रूड्रायव्हर आणि लोखंडी हातोडी नको, ठिणगी कुठे उडवताय. काढायच्या आधी वरच्या बाणाची दिशा बघून फोटो घ्या, मग मोबाईल परत लांब. पंप उचलताना तिरका करायचा कारण आत फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा, दांडा असतो, तो वाकला की पेट्रोलचा काटा आयुष्यभर खोटं बोलणार. खालच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असतं, ते टाकीतच ओता, सीटवर नको. टाकीचं भोक लगेच स्वच्छ फडक्याने झाका.

अख्खी असेंब्ली (मोटर, वाटी, फ्लोट सगळं एकत्र) घ्यायची की नुसती मोटर, तर मोटर बरीच स्वस्त पडते पण आतले लॉक, छोटा पाइप, त्याची क्लिप हे सगळं खोलून परत बसवावं लागतं, आणि तो आतला पाइप नीट बसला नाही तर पंप फिरतो पण प्रेशर टाकीतच सांडतं. गाडी दहा वर्षांच्या वरची असेल तर माझं मत असेंब्लीच घ्या. मोटरच बदलणार असाल तर खालची जाळी नवीन घ्या, जुनी जाळी धुऊन लावू नका.

आणि आता ओ-रिंग, म्हणजे पंप आणि टाकीच्या मधली सील करणारी गोल रबरी रिंग. मी पहिल्यांदा जुनीच लावली, दिसायला चांगली होती. पण पेट्रोलमधून बाहेर आलेली रिंग फुगलेली असते, खाचेत बसवायला गेलो तर एका बाजूने दाबली की दुसरीकडून सापासारखी वर येत होती. कशीबशी कोंबली, बोल्ट आवळले, गाडी चालू झाली, मी खूश. चार दिवसांनी टाकी फुल केली आणि पहिल्याच वळणावर गाडीत पेट्रोलचा असा वास आला की काचा खाली करून घरी आलो. नवीन रिंग त्याच गाडीच्या पंपाची आणा, नळाच्या दुकानातली रबरी रिंग नाही चालत, पेट्रोलमध्ये तिचं दोन दिवसांत चिंगम होतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे रबराला अजून त्रास. खाच पुसून कोरडी करा, रिंग सगळीकडून सपाट बसलीय का बोट फिरवून बघा, बाण जुळवा, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच बाजू आधी करकचून नाही.

पाइप टक्क आवाज येईपर्यंत दाबा आणि एकदा ओढून बघा. कपलर लावा, बॅटरी सगळ्यात शेवटी. लगेच सेल्फ मारू नका, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे लाइन भरते. दर वेळी वरच्या जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर थांबा आणि बॅटरी परत काढा. मग गाडी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवा, काटा बरोबर दाखवतोय का बघा.

झाकण मात्र अजून चिकटवायचं नाही, नुसतं वर ठेवा. जोड टाकीच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे पाव टाकीवर रिंगचा लीक दिसतच नाही. टाकी फुल करून या, काचा उघड्या ठेवून दोन-चार वळणं घ्या, मग घरी येऊन सीट उचला, झाकण काढा आणि नाक खाली नेऊन वास घ्या. काहीच नाही आला तर सीलंट लावून झाकण बंद करा.