छतावर पुट्टी मारण्याआधी एक दिवस प्लास्टिक चिकटवून बघा

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस झाला की स्लॅबला पिवळे डाग अन पोपडे येतात, आपण ऑक्टोबरात घाईघाईने पुट्टी-कलर करून घेतो आणि दोन महिन्यात परत तेच. स्लॅब वरून कोरडा दिसतो पण आत ओल असते, हाताला कळत नाही. आमच्याकडे दोनदा पैसे गेले तेव्हा हे करून बघितलं.

१. गच्चीवरची भेग आधी बुजवा, ते झाल्याशिवाय खाली हात लावू नका.

२. पोपडे पत्र्याने पूर्ण खरवडा, धूळ पुसा.

३. डागावर दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, कुठूनही हवा जायला नको, अन २४ तास तसंच ठेवा.

४. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा स्लॅब काळपट झाला तर ओल आहे, आठवड्याने परत बघा. कोरडं असेल तरच पुढचं काम.

५. डागावर आधी ऑइल प्रायमर, नुसता पाण्याचा डिस्टेंपर मारला की पिवळा डाग वर येतोच. मग पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, कलर.

पंख्याजवळ ओल असेल तर मेन स्विच बंद करूनच चढा, आणि गंजलेली सळई दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर पुट्टी नकोच, आधी इंजिनिअरला दाखवा.