वयात येणाऱ्या पोरापोरींना अंगाचा मान अन् आपली रीत कशी शिकवायची

गावात हे काम करायचं असेल तं शाळेत एक दिवस डॉक्टर आणून भाषण ठेवणं पहिले सोडा. पोट्टे माना खाली घालून बसतात, पोरी एकमेकींमागं लपतात अन् एकही प्रश्न येत नाही.

मोहॉक म्हणजे अमेरिकेतले मूळ आदिवासी, त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. अमेरिका-कॅनडाच्या बॉर्डरवर त्यांचं अक्वेसासने आहे, तिथं वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ओहेरोकोन नावाचा जुना विधी त्यांनी पुन्हा उभा केला, त्यात आत्या-मावश्या अन् काका-मामा आधी कितीतरी दिवस पोरांना घेऊन बसतात, अंग, नाती, कूळ सारं सोबतच सांगतात अन् मंग रानात उपास, पहिल्या वर्षी १ रात्र, वाढत वाढत चौथ्या वर्षी ४. आपल्या पोरांना उपास करा लावा असं नाही म्हणत, पण जवळची माणसं अन् वर्षानुवर्षं सोबत, एवढं उचलाच.

गडचिरोलीकडं म्हणाल तं आधी माणसं शोधा. पोरींसाठी एखादी आत्या नाहीतर आशाताई, पोट्ट्यांसाठी मामा. आईबापासमोर लाज येते. गोटूल, म्हणजे गावातल्या तरण्या पोरापोरींचं जमायचं घर, असलं तं तिथं बसा, पण खरं बोलणं होते ते मोहफुलं वेचताना, मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली सगळ्यांची नजर जमिनीवर, हात टोपलीत, कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही, मंग हळूच एखादी विचारते, "आत्या, पांढरं जाते ते बिमारी असते का?" तिथंच साधं उत्तर द्या, घरच्या बोलीत, अवयवाचं नाव न लाजता घेऊन.

सुरुवात देवांपासून करा. गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची कुळं, सारख्या देवाचे सारे भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक नाही, हे पोरांना माहीत असतेच. त्यावरून पुढं न्या की मर्यादा अंगालाही असते अन् ती नात्यापुरती नाही, समोरची कोणीही असो, नाही म्हटलं की हात मागं.

कुर्माघराचा विषय टाळू नोका. माडिया गावांत पाळीतल्या बाईला त्या झोपडीत राहावं लागते, पावसाळ्यात साप-विंचवाची भीती, अंधार. तरण्या कार्यकर्त्यानं उठून रीत वाईट म्हटलं की बुजुर्ग ऐकतच नाहीत, म्हणून आजीलाच बोलतं करा, तिनं तिथं काय सोसलं ते पोट्ट्यांनीही ऐकावं. माझं मत स्पष्ट आहे, त्या दिवसांतला आराम ठेवा, बाहेर टाकणं बंद करा. अन् कापड वापरत असतील तं साबणानं धुऊन उघड्या उन्हात वाळवायचं, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही.

एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवा, तू सांगितलेलं गावात जाणार नाही, पण कोणी जबरदस्ती करत असेल तं मला गप्प बसता येणार नाही. १८ च्या आतल्या लेकरांसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. लेकरांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर सगळ्यांकडून पाठ करून घ्या, अन् माणूस नात्यातला निघो का गावातला मोठा, बैठकीत मिटवू देऊ नोका.